हात शेवटी येतो

माझी नात श्रावणी पुण्यात गोल्फ शिकते. गोल्फ म्हणजे काय हे तिनंच मला फोनवर दाखवलं. नजर पोचणार नाही एवढी हिरवळ, तिच्यावर लिंबाएवढा पांढरा चेंडू, आणि तो मारायला एक वाकड्या टोकाची काठी. मी म्हटलं, अगं, एवढ्या रानात जोंधळा पेरला असता तर किती कणसं आली असती! ती पोट धरून हसली. परवा मात्र तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "आजी, माझा चेंडू सरळ जातच नाही गं. सर म्हणतात, तुझे हात घाई करतात. म्हणजे काय करतात?" मग तिनं मला एक व्हिडिओ पाठवला, मुद्दाम हळू केलेला. त्यात एक बाई काठी खांद्यामागं नेऊन उभी. आधी तिच्या पायानं जमीन दाबली. मग गुडघा हलला, मग कंबर वळली, कमरेच्या मागोमाग पाठ, पाठीच्या मागोमाग खांदा. हात मात्र अजून मागंच, जणू त्यांना या गडबडीचा पत्ताच नाही. सगळ्यांचं झाल्यावर ते आले, मनगट फिरलं, आणि चेंडू गेला तो गेलाच.

मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा तरी पाहिला. समोरचा चहा गार झाला, सुनेनं दुसरा करून आणला, तोही गार झाला. ती बाई चेंडू मारत होती खरी, पण मला दिसत होती आमची अक्कात्या, पांढरं लुगडं खोचून बाभळीखाली उभी राहिलेली. श्रावणीला मी काय सांगितलं ते पुढं येईलच. आधी अक्कात्येचं सांगते, कारण माझं अंग माझं आहे हे मला पहिल्यांदा तिनं सांगितलं.

आमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला. घरात बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. रागावायचं कानडीत आणि लाड करायचे मराठीत, किंवा उलट, जसा प्रसंग असेल तसं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा; अव्वाचं नाव पारू. आम्ही तिघी बहिणी, मी थोरली. अक्कात्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडंच. तिचं नाव गंगव्वा, पण अप्पा तिला अक्का म्हणायचे, आम्हाला ती आत्या, म्हणून दोन्ही मिळून अक्कात्या. अंगानं काटकुळी, दात मोजके राहिलेले, आणि डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण, नखाच्या आकाराचा. तो कशाचा हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. घरातल्या माणसांच्या अंगावरच्या खुणा जन्मापासूनच्याच आहेत असं पोरांना वाटतं.

त्या घराची सकाळ आवाजावरून कळायची. आधी जात्याची घरघर, मग चुलीतल्या तुराट्यांचा तडतडाट, मग अव्वाची भाकरी थापायची थाप. अव्वाची थाप मला आजही ओळखू येईल: तीन जोरात, एक हलकी, आणि परातीवर भाकरी फिरवल्याचा सर्र असा आवाज. तव्यावर भाकरी फुगली की अव्वा ती चुलीच्या तोंडाशी उभी करायची. आम्ही बहिणी गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यात शेंगांची चटणी आणि तेलाची धार घालून खायचो. शेंगांची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. आता सोलापुरात हीच चटणी छान पुडीत मिळते, नातेवाईक मुंबईला घेऊन जातात. मी नावं ठेवत नाही. पण उखळाजवळ बसून बोटानं चाटलेली चटणी ती चटणी.

आणि शिकवण एकच, दिवसातून दहा वेळा: "रत्ने, नीट चाल." परकर नेसायला लागल्यापासून नीट चालायचं म्हणजे कसं, तर कंबर हलता कामा नये. घागर आणायची तरी ताठ. पळायचं नाही, वळायचं तर सगळं अंग एकदम वळवायचं, हसायचं तर तोंडापुरतं. अव्वाही तशीच शिकलेली, तिचा काय दोष? एक-दोन वर्षांत मी अशी झाले होते की गळ्याखालचं अंग म्हणजे पाटावर ठेवलेलं ओझं, आणि कामाला तेवढे दोन हात.

त्या वर्षी जोंधळा फार सुंदर आला होता. आमचं काळं रान ओढ्याला लागून, पलीकडं बाभळींची रांग. थंडी पडली, कणसं भरली, दाण्यात दूध आलं, आणि नेमकं तेव्हाच अप्पा बैलगाडीवरून पडले. चाक धोंड्यावर चढलं, गाडी कलली, अप्पा उजव्या अंगावर आपटले. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. सोलापूरच्या दवाखान्यात हात छातीशी बांधून दिला आणि सांगितलं, दीड-दोन महिने हा हात विसरायचा. दुसऱ्या कुठल्या दिवसांत चाललं असतं. पण दाणा दुधात असतो तेव्हा हात कसा विसरायचा? त्याच दिवसांत भोरड्या येतात.

भोरड्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगते. दिसायला गोजिरवाणी, गुलाबी-काळी पाखरं. पण येतात हजारांनी. आभाळात धूर उठल्यासारखा थवा येतो, वळतो, पसरतो, आणि एकदम रानावर भिरकावलेली घोंगडी पडावी तसा खाली बसतो. पाव तासात कणसाचं नुसतं पांढरं बोंड राहतं. रानाच्या मधोमध चार लाकडं रोवून उंच माचा करतात, आमच्याकडं त्याला माळा म्हणतात. त्या माळ्यावर उभं राहून दिवस उगवल्यापासून गोफण फिरवायची, हीच राखण. आमच्या माळ्यावर कायम अप्पा. बायकांनी खाली डबा बडवायचा, हाऽऽ हाऽऽ करून ओरडायचं. गोफण बायकांनी धरायची नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण धरलेली कुणी पाहिलीही नव्हती. आणि त्या रानातल्या जोंधळ्यावर आमची वर्षाची भाकरी होती, बैलांचा कडबा होता. विकत आणून खायची आमच्याकडं रीत नव्हती आणि सोयही नव्हती.

पहिले दोन दिवस अव्वानं आणि आम्ही तिघींनी डबे बडवले. पाखरंही हुशार. तिसऱ्या दिवशी डब्याच्या आवाजाला ती मानसुद्धा वळवेनात. बाभळीकडचा कोपरा पांढरा पडायला लागला. अप्पा माळ्याच्या पायथ्याशी घोंगडं टाकून बसलेले, शेजारी पाण्याचं मडकं, आणि डोळे सारखे त्या कोपऱ्याकडं. मला ते पाहवेना. माळ्यावर अप्पांची गोफण टांगलेली होती. मी शिडी चढले.

गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मधे विणलेली छोटी झोळी. एका दोरीला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरीला गाठ, ती अंगठ्याखाली दाबून धरायची. झोळीत गोळा ठेवून डोक्यावरनं फिरवायची आणि नेमक्या वेळी गाठ सोडायची. गोळा मातीचा, उन्हात वाळवलेला. दगड वापरायचा नाही, रानात दगड राहिला की विळ्याची धार जाते आणि कुणाला लागला तर जीव जातो. हे सगळं मला पाहून पाहून ठाऊक होतं. पण त्या दिवशी गोळे ओले होते आणि माझ्या अंगात घाई होती. मी बांधावरून ओच्यात चार दगड घेऊन चढले. आणि दुसरी चूक, जी मला तेव्हा चूक आहे हेसुद्धा माहीत नव्हतं: ती गोफण अप्पांच्या मापाची होती. गोफण ज्याच्या त्याच्या अंगावर मापून विणतात, जशी चोळी. उभं राहून हात खाली सोडला की झोळी घोट्याच्या चार बोटं वर यायला पाहिजे. माझ्या हातात ती जमिनीवर लोळत होती.

मी हातानं फिरवली. नुसत्या हातानं. अंग ताठ, पाय जुळवलेले, कंबर शिकवल्याप्रमाणं जागच्या जागी. दगड पुढं गेलाच नाही. तो मागं गेला, खाली गेला, आणि अप्पांच्या कानापासून वीतभर अंतरावरचं मडकं फुटलं.

आवाज अजून ऐकू येतो. मग पाणी घोंगड्यावर पसरलं, आणि अप्पा कितीतरी वेळ त्या खापऱ्यांकडं बघत राहिले. शेजारच्या रानातून सिद्रामकाका ओरडले. या सिद्रामकाकांना दुसऱ्याच्या घरातलं सगळं आधी दिसायचं.

"काय रं अप्पाऽ, पोरगी पाखरं मारती का बापाला?"

 अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "खाली उतर, रत्ना." रत्ने नाही, रत्ना. "पुन्हा माळ्यावर चढायचं न्हाय."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. अव्वा रागावली नाही, हे आणखीच वाईट. ती एवढंच म्हणाली, "वीतभर हिकडं लागला असता तर?" आणि माझी भाकरी झाकून ठेवली. अक्कात्या कोपऱ्यात वाती वळत बसली होती. 

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला जात्यावर बसवलं. रोज ती आणि अव्वा बसायच्या, मी मधूनमधून हात लावायचे. समोरासमोर बसून आम्ही खुंटा धरला, ती मुठीनं घास टाकायला लागली. पाचच फेरे झाले असतील, तर तिनं जातं थांबवलं.

"आता कोण ढकलत व्हतं गं?"

"मी. हात."

"हात? बघ बरं. हात नुसता धरून बसलाय. ढकलतंय तुझं बूड. मग पाठ. हात पाव्हणा हाय, शेवटी येतो, तयार ताटावर बसतो."

मी हसले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा. तिनं पुन्हा जातं फिरवलं, आणि या वेळी मी स्वतःकडं लक्ष दिलं. खरंच की! उजवी टाच जमिनीत रुतत होती, मांडी ताणत होती, कंबर पुढं जात होती, पाठ झुकत होती, आणि या सगळ्यांनी आणून दिलेला जोर हात फक्त खुंट्यात ओतत होता. इतकी वर्षं दळलं आणि मला कळलं नव्हतं.

"कंबर हलती," मी हळूच म्हणाले. अव्वा चुलीपाशी होती.

"मग? कंबर काय देवानं बांधून ठिवायला दिलीया व्हय? मदली खिळ हाय ती. ती न्हाय फिरली तर वरचं खालच्याला वळखत न्हाय."

जात्याच्या वरच्या आणि खालच्या तळीला जोडणारी मधली खीळ असते, तिच्याबद्दल ती बोलत होती. मी इतक्या वर्षांत शरीराबद्दल पुष्कळ ऐकलं. डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं, योगाच्या वर्गातल्या मुलीनं श्वासाचं सांगितलं. पण याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही.

मग आमचं घराच्या मागं सुरू झालं. अप्पा रानात गेले की अक्कात्या मला परड्यात न्यायची. पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल? जुन्या लुगड्याचा पट्टा काढला आणि माझे दोन्ही हात अंगाशी बांधून टाकले. "मार आता गोफण."

"हाताबिगर?"

"हाताबिगर. टाच दाब. उजवी. आता गुडगा. आता कंबर फिरव. फिरव की! लाजतीस कुणाला, म्हशीला?"

म्हैस खरंच बघत होती. मी फिरले. पडले. पुन्हा फिरले. हात बांधलेले असल्यामुळं तोल कुठं असतो ते कळायला लागलं. कानडीत सावकाश म्हणायला निधान म्हणतात, ती सारखी तेवढंच म्हणायची: "निधान, रत्ने, निधान." दुसऱ्या दिवशी खांदे सोडले. तिसऱ्या दिवशी कोपर. मधल्या वेळात ती दाराशी बसून अंबाडीचे धागे मांडीवर वळायची आणि विणायची. माझ्या मापाची गोफण. माप घ्यायला तिनं मला चार वेळा उभं केलं. धाकट्या दोघी ओढ्याची काळी माती आणून गोळे करायच्या आणि पत्र्यावर वाळत घालायच्या, शपथ घेऊन की अप्पांना सांगणार नाही.

पाचव्या दिवशी तिनं गोफण माझ्या हातात दिली. आणि माझा हात पुन्हा धावला. गोळा शेणाच्या ढिगात गेला. पुन्हा मारला, पुन्हा ढिगात. रडकुंडीला आले. तिनं जवळ येऊन एक बोट माझ्या कमरेवर ठेवलं, एक मनगटावर. "हे जाईस्तवर ह्यानं थांबायचं. थांबनं अवघड असतं गं. मारनं सोपं हाय."

श्रावणीला मी फोनवर हेच सांगितलं. म्हटलं, तुझा हात चांगला आहे, फक्त त्याला धीर नाही. त्याला म्हणावं, तू पाहुणा, तू बस, ताट येईल. ती म्हणाली, "आजी, सरसुद्धा हेच म्हणतात, फक्त इंग्लिशमधे." मग मला फार बरं वाटलं. अक्कात्येला अक्षर येत नव्हतं.

पण परड्यातलं शिकणं एक आणि माळ्यावर चढायला मिळणं दुसरं. अप्पांचा शब्द झालेला होता. आणि तिकडं रान जात होतं. बाभळीकडचा कोपरा संपून भोरड्या ओढ्याच्या कडेनं आत सरकल्या होत्या. सिद्रामकाकांनी एक-दोन दिवस येऊन गोफण फिरवली, पण त्यांचंही रान होतं, पाखरं त्यांच्याकडनं उठली की आमच्याकडं आणि आमच्याकडनं उठली की त्यांच्याकडं. त्या सकाळी आम्ही सगळ्या रानात होतो. अव्वाचा आवाज बसलेला. अप्पांनी काय केलं, तर स्वतः शिडी चढले. एका हातानं. आणि डाव्या हातानं गोफण फिरवली. गोळा चार पावलांवर माळ्याच्या पुढ्यात पडला. पुन्हा फिरवली. पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी झोका बसला आणि मोडलेल्या हाडावर कळ आली असणार, ते तिथंच खाली बसले. पाखरं उडालीसुद्धा नाहीत.

अक्कात्या शिडीपाशी गेली. "खाली ये रं."

अप्पा उतरले. चेहरा राखेसारखा.

"पोरीला चढू दे," अक्कात्या म्हणाली.

"अक्का, तू बघितलं न्हाईस. कुणाचा जीव जाईल."

"तिला मी शिकवलंय."

"तू?" अव्वा बोलून गेली. डबा तिच्या हातातच राहिला.

अक्कात्या तिच्याकडं वळलीच नाही. ती भावाकडं बघत होती. "पारूला ठाव न्हाय. पोरींना ठाव न्हाय. तुला तर ठाव हाय की न्हाय? ह्या माळ्यावर तुज्या आदी कोण व्हतं?"

अप्पांची नजर माळ्याकडं गेली.

"आणि हे?" तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं. "हे कुणाच्या गोळ्यानं झालं? एवढासा व्हतास. रगत डोळ्यात गेलं व्हतं माज्या. तुला कुणी खाली उतर म्हनलं का तवा?"

 अप्पांचा डावा हात हळूच वर आला आणि स्वतःच्या भुवईपाशी गेला, जणू लागलं त्यांनाच होतं.

"मी म्हनलं व्हतं," अक्कात्या म्हणाली, "पुन्हा मार."

 फुटलेल्या मडक्याच्या जागी अव्वानं दुसरं आणलेलं होतं. अप्पांनी घोंगडं उचललं, माळ्याच्या पायथ्याशी नेमकं त्याच जागेवर अंथरलं, मडकं त्याच जागेवर ठेवलं, आणि माझ्याकडं पाठ करून बसले. मग म्हणाले, "चढ, रत्ने."

मी अनेक प्रसंगांत उभी राहिले आहे. बाळंतपणं झाली, माणसं पोचवली, सोलापुरात आल्यावर शिवणाचा वर्ग काढला तेव्हा पहिल्या दिवशी वीस बायकांसमोर उभी राहिले. पण त्या शिडीच्या सात पायऱ्यांइतकं काहीच उंच नव्हतं. वर गेले. ओच्यात मातीचे गोळे, हातात माझ्या मापाची गोफण. खाली वडिलांचं डोकं दिसत होतं, मुंडाशाची मागची गाठ दिसत होती. सिद्रामकाका त्यांच्या माळ्यावर कंबरेवर हात ठेवून उभे. "अरं, ही पुन्हा चढली का काय? अप्पा, डोक्यावर परात तरी घे!"

पहिला गोळा वाया गेला. मागं नाही, पण बाजूला, कणसांत. अप्पा हलले नाहीत. मी डोळे मिटले. म्हशीसमोर हात बांधून उभी आहे असं समजले. टाच दाबली, माळ्याचं लाकूड करकरलं. गुडघा. मग कंबर, आणि मी ती फिरू दिली. अव्वा बघत होती, सिद्रामकाका बघत होते, सगळं रान बघत होतं, आणि मी ती पूर्ण फिरू दिली. पाठ आली, खांदा आला. हात मागं होता. थांब, म्हटलं, थांब. आणि मग तो आला. मी सोडलं असं म्हणायला नको, गाठ आपोआप सुटली. दोरीच्या टोकाचा असा आवाज झाला, फाट्! बाभळींपर्यंत गेला आणि परत आला.

थवा उठला. सगळाच्या सगळा. आमच्यावर क्षणभर सावली आली, पंखांचा वारा लागला, आणि ती घोंगडी वळून ओढ्यापलीकडं निघून गेली. मी खाली बघितलं. अप्पांनी मान वळवलेली नव्हती. त्यांनी डाव्या हातानं मडक्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि निवांत प्यायले.

त्यानंतर तीन आठवडे मी माळ्यावर होते. न्याहारी वरच यायची, फडक्यात बांधलेली भाकरी, ठेचा, कांदा. उन्हं चढली की अक्कात्या खाली आगटी पेटवून हुरडा भाजायची, हातावर चोळून फुंकून वर पाठवायची; कोवळ्या दाण्याचा तो गोड वास अजून नाकात आहे. सगळी पाखरं काही मी हाकलली नाहीत, काही खाऊन गेलीच. ती त्यांचीही भाकरी होती म्हणा. पण रान वाचलं. आठ दिवसांनी सिद्रामकाका बांधावर येऊन उभे राहिले, डोकं खाजवत. "रत्नाबाई, सांजच्याला घटकाभर आमच्या माळ्यावर येशील का गं? माजी पाट धरलीया." मला रत्नाबाई म्हणणारे ते पहिले.

अव्वानं मला त्यानंतर नीट चाल असं म्हटलं नाही. एकदा मात्र घागर घेऊन येताना मागून म्हणाली, "कशी चालतीस गं तू आता, अक्कात्येसारखी!" रागानं म्हणाली की कौतुकानं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मग कापणी झाली, खळं झालं, रास घरी आली. आमच्या घरात एक रीत होती: नव्या जोंधळ्याची पहिली भाकरी राखणाराची. दरवर्षी अव्वा ती, सोबत दुधाची वाटी आणि गुळाचा खडा, अप्पांच्या पुढं ठेवायची, आणि ते पहिला घास घेईपर्यंत बाकीच्यांनी हात धुऊन बसायचं. त्या वर्षी अव्वानं भाकरी केली. फुगलेली, पांढरी. ताट उचललं आणि क्षणभर थांबली, कुणापुढं ठेवायचं ते तिला कळेना. अप्पांनी डाव्या हातानं ताट तिच्याकडनं घेतलं. मला वाटलं, आता माझ्यापुढं येणार. मी सावरून बसलेही.

अप्पांनी भाकरीचे दोन तुकडे केले. एक माझ्या ताटलीत ठेवला. दुसरा ताटातच राहू देऊन, दुधाच्या वाटीसकट ताट घेऊन ते उठले, आणि कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या अक्कात्येपुढं जाऊन खाली बसले. "घे अक्का," म्हणाले. "तुजी लई वर्सांची राहिलीया." आणि मग फार हळू, आम्हाला ऐकू जाऊ नये असं: "तू राखायचीस, आन् पयली भाकरी मला द्यायचे."

अक्कात्येनं हातातली वात खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले. अर्धी भाकरी दोन्ही हातांनी घेतली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, आणि चुलीकडं मान वळवून म्हणाली,

"पारू, जरा जाड झालीया गं."

आणि मोजक्या दातांनी, घास घास दुधात भिजवत, निधान, निधान, तिनं सगळी खाल्ली.